विश्लेषण : बाहेरचा गिलावा घरच्यांनी करायचा की गुत्तेदाराला द्यायचा?

उघड्या विटांच्या तीन भिंती आणि रंगवलेली एक भिंत. भोकरदन तालुक्यातील धावडा परिसरात, किंबहुना मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात, अशी घरे गल्लोगल्ली दिसतात. स्लॅब पडतो, दार-खिडक्या बसतात, वास्तुशांत होते आणि पैसे संपतात. मग रस्त्याकडची बाजू तेवढी गिलावा करून रंगवली जाते. बाकीच्या बाजू ‘पुढच्या साली’वर जातात. पुढच्या साली मुलीचे लग्न निघते, नाहीतर कापसाला भाव मिळत नाही.

दरम्यान दोन-तीन पावसाळे त्या उघड्या विटांवरून जातात. वीट पाणी पिते, आतल्या भिंतीला ओल येते, पुट्टी फुगते, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास लागतो. विजेच्या बोर्डामागची भिंत ओली राहिली तर धोका जिवाचा. शेवटी कर्ज काढून किंवा मिरचीचे पैसे हाती आल्यावर गिलाव्याचा विषय निघतो आणि प्रश्न पडतो: काम गुत्तेदाराला उक्ते द्यायचे, की मिस्त्री लावून स्वतः करून घ्यायचे? घरातली पोरे ‘व्हिडिओ बघून आपणच करू’ असेही म्हणू लागली आहेत.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एका कुटुंबाची वर्षाची बचत अडकलेली असते.

हा प्रश्न पूर्वी का नव्हता?

पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर माळवद, ही मराठवाड्यातली जुनी घरे. त्यांच्या बाहेरच्या भिंतीची काळजी घरातल्या बायकाच घेत. पावसाळा सरला की माती भिजवायची, त्यात भुसा किंवा शेण मिसळायचे, मुरू द्यायचे आणि हाताने भिंत लिंपायची. दिवाळीच्या आधी वरून चुना. यात गुत्तेदार कुठेच नव्हता. सामान गावातलेच, कौशल्य घरातलेच, आणि चुकले तर पुढच्या वर्षी पुन्हा लिंपता येत होते.

सिमेंटने हे गणित उलटे केले. मातीचे लिंपण दरवर्षी करावे लागे, पण चूक स्वस्त होती. सिमेंटचा गिलावा वीस-पंचवीस वर्षे टिकतो, पण चुकला तर फोडून काढावा लागतो. स्वतः करायचे की दुसऱ्याला द्यायचे, याचा निर्णय इथे फिरतो. घरचा माणूस मेहनतीत कमी पडत नाही. पण इथे चूक परवडते का, हे आधी पाहायला हवे.

अजूनही ज्यांचे घर मातीच्या भिंतीचे आहे, त्यांनी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नये. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती कोंडून ठेवते. मातीवर सिमेंटची पकडही नीट बसत नाही. काही वर्षांत गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि मागची भिंत भुसभुशीत झालेली असते. अशा घराला मातीचे किंवा चुन्याचे लिंपणच योग्य, आणि ते घरच्यांनी करण्याइतके दुसरे उत्तम काम नाही. ज्या आजींना ते येते त्यांच्याकडून शिकून घेण्याची वेळही आता फार उरलेली नाही.

परदेशात लोक स्वतः कसे करतात?

समाजमाध्यमांवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून पोरांच्या डोक्यात कल्पना येतात. तिथली बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात. बाहेरून लाकडाच्या, फायबर-सिमेंटच्या किंवा व्हायनिलच्या पट्ट्या एकावर एक ठोकतात, त्याला साइडिंग म्हणतात. मजुरी महाग असल्याने अनेक जण सुट्टीच्या दिवसांत हे काम स्वतः करतात. पट्टी चुकली तर ती एकच पट्टी काढून दुसरी लावता येते. म्हणजे आपल्या जुन्या लिंपणासारखेच: चूक सुधारता येते, म्हणून घरच्या माणसाने करणे शहाणपणाचे. सिमेंटच्या गिलाव्याला तो नियम लागू होत नाही.

तालुक्याच्या बाजारात आता पीव्हीसीचे पॅनेल मिळू लागले आहेत. उघड्या विटांवर तेच ठोकून द्यावेत, असा सल्लाही दिला जातो. हा सल्ला टाळलेला बरा. मराठवाड्याच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर साधे पॅनेल वाकते, रंग उडतो. त्यामागे ओल दिसेनाशी होते, थांबत मात्र नाही. वर उंदरांची सोय होते ती वेगळीच.

हिशेब कसा मांडायचा?

घरकुलाच्या मापाचे, म्हणजे बाहेरून साधारण १७ फूट बाय १७ फूट घर घेऊ. चार भिंतींची लांबी ६८ फूट, उंची १० फूट. दार-खिडक्या वजा केल्या तर गिलाव्याचे क्षेत्र अंदाजे ६३० चौरस फूट येते. कठडा असेल तर तो वेगळा.

बाहेरचा गिलावा दोन थरांत मिळून सुमारे २० मिलिमीटर, आणि प्रमाण एक भाग सिमेंटला चार भाग वाळू धरले, तर १०० चौरस फुटांना पावणेदोन गोण्यांच्या आसपास सिमेंट आणि आठ घनफुटांहून थोडी अधिक वाळू लागते. या घराला साधारण ११ गोण्या सिमेंट आणि अर्धा ब्रास वाळू. विटांचे बांधकाम वाकडेतिकडे असेल तर माल जास्त खाईल.

दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, त्यामुळे खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी. ज्याने त्याने आपल्या गावचे दर घालून बघावे.

समजा सिमेंटची गोणी ३८० रुपयांना आणि वाळू ७ हजार रुपये ब्रासने मिळाली. सामान झाले ७ हजार ६८० रुपयांचे. मिस्त्रीने फक्त मजुरी चौरस फुटाला २० रुपये सांगितली, तर १२ हजार ६०० रुपये. एकूण २० हजार २८० रुपये. गुत्तेदाराने सामानासह ४० रुपये चौरस फूट सांगितले, तर २५ हजार २०० रुपये. फरक ५ हजारांच्या आत. त्या फरकात गुत्तेदार सामान आणतो, माणसे जमवतो, परांची बांधतो. एवढ्यासाठी तो फरक फार नाही, असे कोणालाही वाटेल.

गोम पुढे आहे. गुत्तेदाराने १:४ ऐवजी १:६ चा माल कालवला, तर ११ ऐवजी साडेसात गोण्यांत भिंत होते. त्याचे वाचतात जेमतेम तेराशे रुपये. भिंत त्या दिवशी दोन्ही प्रमाणांत सारखीच दिसते. फरक कळतो तो दोन पावसाळ्यांनी, नखाने खरवडल्यावर वाळू गळू लागते तेव्हा. तेराशे रुपयांच्या बचतीसाठी पंचवीस हजारांचे काम वाया जाते, आणि ती बचतही घरमालकाची नसते. सगळे गुत्तेदार असे करतात असे मुळीच नाही. पण सामान आणि मजुरी एकाच्याच हाती दिली, की सामान कमी वापरण्यात त्याचा फायदा होतो. अशी रचना मुळातच टाळावी.

आता स्वतः राबण्याची बाजू. मिस्त्रीची हजेरी ९०० आणि दोन बिगाऱ्यांची प्रत्येकी ५०० धरली, तर दिवसाला १ हजार ९०० होतात. एक मिस्त्री दिवसाला बाहेरचा साधारण १०० चौरस फूट गिलावा उरकतो. परांची बांधणे-सोडणे धरून सात दिवस, म्हणजे १३ हजार ३०० रुपये. बिगाऱ्यांच्या जागी घरचे दोघे राहिले तर रोख फक्त ६ हजार ३०० रुपये जातात. ७ हजार वाचले!

पण थांबा. तेच दोघे त्या सात दिवसांत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेले असते आणि रोज ३५० रुपये मिळाले असते, तर ४ हजार ९०० रुपये बुडाले. खरी बचत उरते २ हजार १०० रुपयांची. म्हणजे घरच्यांनी राबण्यात फायदा आहे, पण रिकाम्या दिवसांत. वेचणीच्या ऐन दिवसांत घरचे मनुष्यबळ भिंतीला लावणे हा तोट्याचा व्यवहार आहे, भले मनाला कितीही बरे वाटो.

कोणते काम घरच्यांचे, कोणते मिस्त्रीचे?

गिलाव्यात थापी मारण्याचे काम दिसायला सोपे आणि करायला अवघड. मनगटाच्या झटक्याने माल भिंतीवर फेकला तरच तो विटेच्या सांध्यात घुसतो. नुसता चोपडला तर पोकळी राहते. ओळंबा धरून जागोजागी ठिपके लावायचे, पट्टी फिरवायची, रंधा मारायचा, हे हात वर्षानुवर्षांच्या कामाने बसतात. व्हिडिओ बघून गोठ्याच्या भिंतीवर हात साफ करावा. घराची पश्चिमेची भिंत त्यासाठी नव्हे. मराठवाड्यात पाऊस बहुतेक पश्चिम-नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो आणि त्या भिंतीला आडवा झोडपतो. एका भिंतीपुरतेच पैसे असतील तर आधी ती भिंत करावी. रस्त्याकडची भिंत आधी करण्याची रीत शोभेची आहे, उपयोगाची नाही.

बाकीची कामे मात्र घरच्यांनी करण्यासारखी आहेत, किंबहुना घरच्यांनीच केली तर ती नीट होतात. विटांमधले सांधे अर्धा इंच खरवडून मोकळे करणे. भिंतीवरची धूळ, शेवाळ घासून काढणे. आदल्या दिवशी भिंत भिजवणे. वाळू चाळणे. हे सगळे कंटाळवाणे आहे आणि उक्ते काम घेतलेला माणूस नेमके तेच टाळतो, कारण त्याचे पैसे चौरस फुटावर ठरलेले असतात, सांधे खरवडण्याचे वेगळे मिळत नाहीत.

वाळू तपासणेही घरच्यांच्याच हाती ठेवावे. काचेच्या सरळ ग्लासात अर्ध्यापर्यंत वाळू घ्यावी, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवावे आणि तीन-चार तास ठेवून द्यावे. खाली वाळू बसते, वर गाळाचा थर येतो. हा थर वाळूच्या थराच्या बाराव्या भागाहून जाड असेल, तर ती वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. मातीमिश्रित वाळूने गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात, मग मिस्त्री कितीही नामांकित असो. वाळूऐवजी क्रश सँड घेणार असाल तर ती प्लास्टरसाठीची बारीक आहे, नुसती खडीमशीनची डस्ट नाही, हे बघावे.

काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आणि विटांची भिंत जिथे जुळते, तिथे दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी तारेची बारीक जाळी, म्हणजे चिकन मेश, ठोकून घ्यावी. या सांध्यावर भेग पडते हे जवळजवळ ठरलेलेच असते. जाळीला काहीशे रुपये लागतात. गुत्तेदाराशी बोलताना हा मुद्दा काढला की तो माणूस कसा आहे हे लगेच कळते: ‘लागते, घेऊन या’ म्हणणारा एक, ‘काय गरज नाही भाऊ, आपण गॅरंटी देतो’ म्हणणारा दुसरा.

आणखी एक गोष्ट उभे राहून बघण्याची. पाणी घातलेला माल तासाभरात संपवायचा असतो. जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला, सुट्टीत घट्ट झालेला माल पुन्हा पाणी मारून वापरला जातो. त्याची ताकद गेलेली असते. घरचे माणूस जागेवर असेल तर हे घडत नाही. त्यासाठी भांडायची गरज नाही, चहाचा कप हातात देत ‘मिस्त्री, थोडा-थोडाच कालवू’ एवढे म्हटले तरी पुरते.

पाणी मारण्याचे काम कोणाचे?

सगळ्यात जास्त गिलावे बिघडतात ते इथे. गिलावा झाल्यावर किमान सात दिवस, जमल्यास दहा दिवस, तो ओला ठेवायचा असतो. उन्हाच्या बाजूला दिवसातून तीनदा तरी पाणी मारावे लागते. मिस्त्री तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. गुत्तेदाराच्या दरात हे पाणी बहुधा धरलेलेच नसते, आणि घरमालकाला वाटते की ते धरलेले आहे. मधल्या मध्ये भिंत कोरडी राहते.

आणि पाणी आहे कुठे? जालना जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे टँकरची वाट. माणसांना आणि जनावरांना पुरत नाही तिथे भिंतीवर दिवसातून तीनदा पाणी कोण मारणार? तरीही गावोगाव गिलाव्याची कामे एप्रिल-मेमध्येच निघतात, कारण तेव्हा शेतीची कामे नसतात आणि पावसाळ्याची भीती असते. हा हंगाम चुकीचा आहे. कडक ऊन, कोरडा वारा आणि पाणीटंचाई या तिन्ही गोष्टी गिलाव्याच्या वैरी आहेत. जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने सोयीचे. विहिरीला पाणी असते, ऊन सौम्य असते, कापसाची वेचणी बरीचशी आटोपलेली असते. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर गोणपाट भिजवून भिंतीवर टांगावेत, पाणी कमी लागते.

घरकुल असेल तर गुत्तेदार लावता येतो का?

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक आराखड्यात स्पष्ट म्हटले आहे की घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे किंवा आपल्या देखरेखीखाली बांधून घ्यायचे, कंत्राटदाराला काम द्यायचे नाही. सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान, रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये, अशी तिची रचना. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे ९० दिवसांचे २८ हजार ८० रुपये. राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, त्यात ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे.

ही वाळू हाती पडली तर वरच्या हिशेबातला वाळूचा खर्च वाहतुकीवरच येतो. बांधकाम करतानाच गिलाव्यासाठी अर्धा-पाऊण ब्रास बाजूला काढून ताडपत्रीखाली ठेवावी. नंतर ती विकत घेताना रडकुंडीला यायला होते.

‘गुत्तेदार नको’ ही अट योग्यच आहे. तिच्यामागे मराठवाड्याचाही अनुभव उभा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तिथली घरे बहुतांश कंत्राटदारांकडून आणि देणगीदार संस्थांकडून उभी राहिली. पण ज्या गावांत नुकसान कमी होते, तिथली दोन लाखांच्या आसपास घरे लोकांनी स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली. सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे आणि सामान दिले, अभियंत्यांनी मार्गदर्शन केले, गावातल्या महिलांनी संवाद साधण्याचे काम केले, आणि मिस्त्री घरमालकाने निवडला. नव्या वसाहतींमधली घरे राहणीशी जुळत नाहीत, ही तक्रार पुढे बरीच वर्षे होत राहिली. स्वतः उभे राहून दुरुस्त केलेल्या घरांत आणखी एक गोष्ट झाली: आडवा पट्टा कशासाठी, दगड कसा जोडायचा, हे घरमालकाला आणि गावच्या गवंड्याला कळले. ते ज्ञान गावात राहिले.

पण घरकुलाच्या अटीत एक गृहीत धरलेले आहे, ते म्हणजे लाभार्थ्याकडे उभे राहायला वेळ आणि अंगात ताकद आहे. प्रत्यक्षात घर आईच्या नावावर असते, मुलगा छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला कंपनीत असतो. कोणी ऊसतोडीला गेलेले असते. मग कागदावर ‘स्वतः बांधले’ आणि जमिनीवर सगळे गुत्तेदाराकडे, असे होते. वृद्ध, अपंग किंवा स्वतः बांधू न शकणाऱ्या लाभार्थ्यांची घरे गवंडी प्रशिक्षणात घ्यावीत आणि तेही न जमल्यास राज्याने मदत करावी, असे आराखडाच सांगतो. ग्रामसभेत या तरतुदीचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा. सत्तर वर्षांच्या बाईला ‘तुम्ही देखरेख करा’ म्हणणे म्हणजे तिला गुत्तेदाराच्या दारात नेऊन सोडणेच आहे.

गुत्तेदारच बरा, असे कधी?

घर दोन मजली असेल, तर घरच्यांनी हट्ट करू नये. दोन ड्रम, वर एक फळी, आणि त्यावर घमेले घेऊन उभा पोरगा, हे दृश्य गावात नवे नाही. जमिनीपासून दहा फुटांपर्यंत तेही चालवून घेतात. वीस फुटांवर ती फळी सरकली तर घरकुलाचे सगळे अनुदान दवाखान्यात जाते. बांधलेली, भिंतीला अडकवलेली परांची आणि उंचीवर काम करणारी माणसे ज्याच्याकडे आहेत त्यालाच ते काम द्यावे. परांचीजवळून विजेची सर्व्हिस वायर जात असेल तर काम सुरू होण्याआधी लाइनमनला बोलवावे. ओला बांबू आणि सोललेली वायर यांची गाठ घालून देऊ नये.

काम देताना मिस्त्री किंवा मजूर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेले आहेत का, हेही विचारावे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला ही नोंदणी करता येते. नोंदलेल्या कामगाराला अपघात झाला तर त्याच्या घरच्यांना आधार मिळतो, आणि तो गावचाच माणूस असतो हे विसरून चालत नाही.

घरचे कोणीच गावात नसेल तेव्हाही गुत्तेदार लागतो. मग मधला मार्ग असा: सिमेंट, वाळू, जाळी स्वतः दुकानातून घेऊन टाकायची, बिल आपल्या नावे करायचे, आणि गुत्तेदाराला फक्त मजुरी उक्ती द्यायची. सामान कमी वापरून त्याला काही मिळत नाही, त्यामुळे माल पातळ करण्याचे कारण उरत नाही. उक्त्या कामात घाई होते, हजेरीच्या कामात रेंगाळणे होते. घाईवर भिंतीला पट्टी लावून नजर ठेवता येते, रेंगाळण्यावर ठेवता येत नाही. म्हणून घरचे कोणी सतत उभे नसेल तर उक्ते बरे, उभे असेल तर हजेरी.

शेजाऱ्याच्या एखाद्या भरवशाच्या माणसाने रोज संध्याकाळी भिंतीचा फोटो पाठवावा, एवढी सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. पहिला थर झाल्यावर, जाळी ठोकल्यावर आणि दुसरा थर झाल्यावर, असे तीन फोटो तरी हवेतच.

लिहून काय घ्यायचे?

‘गावातला माणूस आहे, काय लिहून घ्यायचे’ या भिडेने पुष्कळ नुकसान झाले आहे. एका कागदावर मालाचे प्रमाण, थरांची संख्या, चौरस फुटाचा दर, माप कसे धरायचे आणि पैसे कोणत्या टप्प्यावर, एवढे पुरते. मापावरूनच सर्वाधिक वाद होतात: दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही, छज्जा आणि खिडकीच्या कडा वेगळ्या मोजायच्या की नाही, हे आधी ठरवावे. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवायची, हेही त्याच कागदावर लिहावे. ती खाच नसली तर पाणी छज्ज्याच्या पोटातून फिरून परत भिंतीवर येते.

पैसे शक्यतो यूपीआयने द्यावेत, म्हणजे तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश आहे. त्यामुळे पैसे घेऊन काम निकृष्ट केले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मात्र पुरावा लागतो, आणि रोख दिलेल्या पैशांचा पुरावा शोधत बसावे लागते.

भेग गिलाव्याची की पायाची?

एक प्रकार असा आहे की त्यात घरचेही हरतात आणि गुत्तेदारही. काळ्या जमिनीवरच्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. उन्हाळ्यात त्या रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, पाया तिच्याबरोबर हलतो. अशा भेगेवर नवा गिलावा म्हणजे गळूवर पावडर. आधी घराभोवती तीन फूट रुंद फरशी किंवा कोबा, उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, आणि पागोळ्यांचे व न्हाणीचे पाणी पायापासून दूर. हे काम घरचे लोक सहज करू शकतात. एक वर्ष भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवावी. पट्टी तडकली तर पाया अजून हलतो आहे. तोवर गिलाव्याचे पैसे कोणालाही देऊ नयेत, तालुक्याच्या अभियंत्याला किंवा जाणत्या माणसाला भिंत दाखवावी.

रंग मात्र घरच्यांनीच लावावा. एक मजली घराला शिडीवरून, दोघांनी, एकाने शिडी धरून. गिलावा झाल्यावर साधारण महिनाभर तो सुकू द्यावा आणि मगच एक्स्टिरियर इमल्शन लावावे. तेवढे पैसे नसतील तर चुना अजूनही चांगला आहे, पश्चिमेच्या भिंतीवर पांढरा चुना असला तर एप्रिलमध्ये आत फरक जाणवतो. आतल्या भिंतीची उरलेली पुट्टी बाहेर वापरण्याचा मोह टाळावा.

राहिला शेवटच्या हप्त्याचा मुद्दा. पहिल्या पावसापर्यंत थोडे पैसे मागे ठेवावेत, असे शहरातले सल्लागार सांगतात. हातावर पोट असलेल्या मिस्त्रीचे पैसे चार-पाच महिने अडवणे बरोबर नाही, आणि गावात ते चालतही नाही. पाणी मारण्याचे दहा दिवस संपले की भिंत बोटाने ठोकत फिरावे. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करावा, तेवढा भाग मिस्त्रीने फोडून पुन्हा भरून द्यावा आणि त्याच संध्याकाळी त्याचे सगळे पैसे चुकते करावेत.